मोनानं कापलेली दोरी

दर रविवारी माझ्या ओसरीवर मुलांचा खेळ असतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तो सुरू केला. कधी आकड्यांचा, कधी ताऱ्यांचा. त्या रविवारी खेळ नंदिनीचा होता. ती आमच्या सिहोऱ्याचीच, माझी जुनी विद्यार्थिनी. तिची आई रेवताबाई तलावातली मासोळी बाजारात विकते. नंदिनी नागपुरात संशोधन करते. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यातलं एखादं जनुक गप्प करायचं, हे तिचं काम.

"गप्प म्हंजे कसं वं ताई?" मुलांनी विचारलं, म्हणून तिनं खेळ मांडला.

माझं पुस्तकांचं कपाट झालं पेशीचं केंद्रक. सगळ्या पाककृती, म्हणजे जनुकं, तिथं. पाककृती कधी कपाटाबाहेर येत नाही, तिची नक्कल येते. नक्कल म्हणजे मासोळीच्या जाळ्याच्या दोऱ्यात ओवलेले चार रंगांचे मणी. एक दोरी भाताची, एक वरणाची, एक भाजीची. भुपेंद्र स्वयंपाकी, दोरी हातात आली की तो पाटीवर पदार्थ काढणार. मोनाकडे कात्री आणि वरणाच्या दोरीला जुळणारी एक आखूड दोरी. लालसमोर पांढरा, निळ्यासमोर पिवळा अशी जोडी शेवटपर्यंत लागली, तरच तिनं लांब दोरी कापायची.

"पाककृती कपाटात तशीच राहते," नंदिनी म्हणाली. "निरोप तेवढा पोचत नाही. वरण शिजत नाही. मग घरात काय बदललं ते पाहायचं, म्हणजे वरणाचं काम काय ते कळतं."

मणी ओवून देत होता तिचा भाऊ धनराज. त्याला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हाडं ठणकतात. आमच्याकडे हे दुखणं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यानं पेशी वाकत नाहीत. पण जन्मानंतर ते बनणं हळूहळू थांबतं. ते थांबवणारं एक नवं जनुक आपल्याला सापडलं, असं नंदिनीला वाटत होतं. त्याला गप्प केलं की बशीत बाळाचं हिमोग्लोबिन वाढत होतं. दुसऱ्या दिवशी ती हे नागपूरच्या परिषदेत मांडणार होती. रेवताबाईंनी तर बाजारभर सांगून टाकलं होतं की पोरीला औषध सापडलं.

खेळ रंगला. तेवढ्यात भुपेंद्र ओरडला, "माही भाजी काहून कापली वं?"

मोनाच्या हातात भाजीच्या दोरीचे दोन तुकडे होते. ती शांतपणे म्हणाली, "पहिले मनी तं जुळले. अख्खी दोरी कोन पाहत बसन?"

"आंधळी हायेस का? तुले वरण सांगतलं होतं."

मुलं हसली. नंदिनी हसली नाही. तिनं ते तुकडे हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, माझ्या पेशींतही असं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आखूड तुकडा नुसता सुरुवातीला जुळला तरी भलताच निरोप दबतो. म्हणून एकाच जनुकासाठी दोन वेगळे तुकडे घ्यायचे. दोन्हींनी तेच दाखवलं तर खरं."

"तू घेतले होतेस?"

"घेतले होते. दुसऱ्यानंही जनुक गप्प झालं. पण हिमोग्लोबिन वाढलं नाही."

"मग?"

"मी म्हटलं, तो तुकडा जरा कमी पडला असेल." ती धनराजकडे पाहत होती. "मला पहिलाच खरा हवा होता, बाई."

मुलाला चूक दिसली की पुढची ओळ त्यानंच लिहायची असते. तेव्हा मास्तरानं खडू उचलू नये.

थोड्या वेळानं ती अंगणात गेली आणि तिनं तिच्या सरांना फोन लावला. उद्या मी बोलणार नाही, एवढं मला ऐकू आलं. मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. ती धनराजसमोर बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं.

धनराजनं हातातला मणी ओवून घेतला. "म्हंजे ते जनुक नाही."

"नसन. असनही. पुन्हा पाहावं लागन. वेळ लागन, धनराज."

"मंग पाह्य ना. मी कुठी जाऊन राहिलो?" तो म्हणाला. दोरीला गाठ मारून पुढं म्हणाला, "पन आईले तूच सांगजो. मी नाही सांगत."

तेव्हा कुठं ती थोडी हसली.

धनराजनं नवी आखूड दोरी ओवायला घेतली. वरणाचीच, पण तिच्या मधल्या मण्यांना जुळणारी. मोनाला हाक मारून त्यानं ती तिच्या हातात दिली. आता मोना एकेका मण्यावर बोट ठेवून पाहत होती, आणि भुपेंद्र पाटी घेऊन कुरकुरत होता की असं केलं तर आज जेवण काही होत नाही.