रोल शेकताना

"पावडरमध्येच खोट आहे. पण माझं कोण ऐकतंय!" नवरा मास्कच्या आतून पुटपुटला. ऐकायला जवळ बायकोच होती, आणि हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला आता पावडरचीच कीव यायला लागली होती.

लेथवर एका कारखान्याच्या यंत्राचा पोलादी रोल, लाटण्यासारखा जाड दंडगोल, संथ फिरत होता, खालून ज्योत त्याला शेकत होती. कारखान्याचे आधीचे दोन रोल याच वर्कशॉपमधून सिरॅमिकचा थर चढवून गेले आणि लगेच त्यांचे पापुद्रे सुटले. पोलाद तापलं की फुगतं, सिरॅमिक तेवढं फुगत नाही. म्हणून रोल आधी एकसारखा शेकायचा, मगच सिरॅमिकच्या पावडरचा फवारा मारायचा. नाहीतर निवताना दोघांची ओढाताण होते आणि थर सोलून येतो. हाही रोल सोलला, तर कारखाना पुन्हा या दारात पाय ठेवणार नव्हता.

शेक पुरला की नाही, हे सासरे ठरवत. पालथा पंजा रोलजवळ धरून. नवऱ्याने तापमान मोजायचं यंत्र आणलं होतं. "हे खेळणं कुणाचं?" असं बाबांनी विचारल्यापासून ते खोक्यातच होतं.

मध्यंतरी बाबा एकाच चपलेवर घरी आले, दुसरी कुठे निसटली त्यांना पत्ताच नाही. सगळे हसले, सर्वांत जास्त ते स्वतः. मग वाफाळत्या चहाचा ग्लास ते मुठीत धरून निवांत बसायला लागले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

"मार फवारा," बाबा म्हणाले. "एकसारखा शेकलाय."

सुनेने आपला हात धरून पाहिला. या टोकाला धग सोसवेना. त्या टोकाला नुसतं कोमट. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"जरा पावडर हलवून घेतो," तो म्हणाला.

"काल हवेचं कारण, आज पावडरचं!" बाबा कडाडले. "बाहेर कारखान्याची गाडी खोळंबलीय."

तिने पुसलेला पाना पुन्हा पुसला. "बाबा, थोडं अजून शेकू या?"

"का? स्वप्न पडलं का तुला?"

त्यांचा पंजा अजून त्या धगीतच होता, बोटांची पेरं लालभडक. तिने झटकन मनगट धरून मागे ओढलं.

"अगं, काय हे!"

"भाजलं ना?"

"छे! कुठे?"

कातडीवर फोड टरारत होता. नवऱ्याने फवाऱ्याची गन खाली ठेवली. मनगट न सोडता ती म्हणाली,

"पावडर चांगली आहे, बाबा. तुमच्या हाताला आता गरम कळत नाही."