कार्ड मागणाऱ्याची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटल्यावर लगेच सावरून बसू नका. मान मिळतो तो टेबलापलीकडच्या, चाकं असलेल्या खुर्चीला. मी अलीकडची. बँकेच्या कर्ज आणि कार्ड विभागात, साहेबांसमोर, गिऱ्हाइकाने बसायची.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्या वाकवल्या, वर फोम ठेवला, निळं रेक्झिन ताणून ठोकलं आणि मला ट्रकमध्ये चढवलं. माझ्या बहिणी कुणी दवाखान्यात गेल्या, कुणी शाळेच्या ऑफिसात. मला बँक मिळाली म्हणून सगळ्या माझ्यावर जळल्या. मलाही वाटलं, आता श्रीमंतांचं येणं-जाणं. पण श्रीमंत माझ्यावर बसतच नाहीत. त्यांच्यासाठी आत केबिनमध्ये सोफा आहे आणि ते कार्ड मागायला येत नाहीत, बँकच त्यांच्या मागे लागते.

माणूस टेकला की मी त्याला ओळखते. ज्याला पैशांची गरज नाही तो ऐसपैस बसतो. ज्याला आहे तो माझ्या काठावर बसतो, पिशवी मांडीवर घेऊन. साहेब बिचारे त्यासाठी कॉम्प्युटर चालू करतात, स्कोअर शोधतात. मला विचारलं असतं तर वीज वाचली असती.

किल्लीवाले काका काठावरच बसले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान. हल्ली गाड्यांच्या किल्लीत चिप असते, ती त्यांच्या जुन्या यंत्रावर होत नव्हती आणि गिऱ्हाईक परत जात होतं. नवं यंत्र हप्त्यांवर मिळत होतं, पण फक्त क्रेडिट कार्डावर. ते आलं नाही तर दुकानाला टाळं लावून या वयात कुठेतरी वॉचमन व्हावं लागेल, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे, गळ्यात टाय. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि चेहरा असा पाडला की काकांना वाटलं, यांच्याच घरी कुणी आजारी आहे.

भानगड अशी होती. काका मेहुण्याच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिले होते. मेहुणा टेम्पोसकट गायब झाला आणि थकलेले हप्ते काकांच्या नावावर चढले. ते काकांनी पोटाला चिमटा काढून फेडले, पण उशिरा. ज्याने बुडवले तो बँकेला सापडत नव्हता आणि ज्याने फेडले तो समोर बसला होता. साहजिकच शिक्षा समोरच्याला झाली.

साहेबांनी समजावून सांगितलं की वेळेवर कर्ज फेडल्याचा इतिहास असला तर कार्ड मिळतं. काका म्हणाले, मग थोडं कर्ज द्या, वेळेवर फेडून दाखवतो. साहेब म्हणाले, असा इतिहास असताना कर्ज कसं देणार? यावर काका माझ्या काठावर आणखी पुढे सरकले. माझा एक नट सैल होता, तो करकरला. शेवटी साहेबांना आठवलं की अशा लोकांसाठी एक वेगळं कार्ड आहे. बँकेत ठेव ठेवायची, वर्षभर तिला हात लावायचा नाही, आणि त्या ठेवीपेक्षा कमी रकमेचं कार्ड वापरायचं. नीट वागलात तर वर्षाने खरं कार्ड.

ठेव ठेवायच्या दिवशी काकू सोबत आल्या. यंत्रासाठी आजवर साठवलेले थोडेफार पैसे त्यांच्या पर्समध्ये होते, म्हणून माझ्यावर त्या बसल्या आणि काका मागे उभे राहिले. काकू चक्क पाठ टेकून बसल्या. मला त्या तिथेच आवडल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आमचे पैसे तुम्ही ठेवणार, आणि त्यातलेच आम्हाला उधार देणार."

"हो. ते वेळेवर फेडलेत की बँकेचा तुमच्यावर विश्वास बसेल."

"आणि आमचा तुमच्यावर बसायला तुम्ही काय करणार?"

साहेबांनी माहितीपत्रक उलटंपालटं करून पाहिलं. मग ते शिक्का काढायला वळले, तर ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली घरी. शिपायाने ओढून पाहिलं, तरी तो हलेना. काका म्हणाले, बघू का? त्यांनी खिशातून एक बारीक तार काढली, कान जवळ नेला आणि ड्रॉवर उघडला. आत शिक्के होते, कोरी चेकबुकं होती, कुणाकुणाची नवीकोरी कार्डं होती. साहेबांनी मनापासून आभार मानले, काकांच्या अर्जावर 'जास्त जोखीम' असा शिक्का मारला आणि ड्रॉवर तसाच उघडा टाकून झेरॉक्स काढायला निघून गेले. ते परत येईपर्यंत काका ड्रॉवरकडे पाठ करून भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

कार्ड आलं, पण काकांना ते वापरता येईना. डोक्यावर उधारी असली की त्यांना झोप लागत नसे. सकाळी कार्डावर कोऱ्या किल्ल्यांचं पाकीट घ्यायचे आणि दुपारी बँकेत येऊन पैसे भरून जायचे. बिल दर महिन्याला शून्य. साहेब वैतागले. "काका, थोडं कर्ज राहू द्या हो अंगावर. इतके स्वच्छ राहिलात तर बँकेला दिसणार कसे?" काकांनी कपाळाला हात लावला, पण ऐकलं. बिल येईपर्यंत उधार राहायला ते शिकले. काकू सांगत होत्या, त्या दिवसांत त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं आणि दुकानातून गाडीवाली गिऱ्हाइकं परत जातच होती.

वर्ष सरलं, खरं कार्ड मिळालं. त्याच सुमारास बँकेचं नूतनीकरण निघालं आणि एक पाय वाकलेली मी भंगाराच्या ढिगात जाऊन पडले. मला वाईट वाटलं. एवढ्या लोकांची धाकधूक झेलली, पण निरोपाचा एक शब्द कुणी बोललं नाही. ठेव सोडवायला आलेल्या काकांनी मला पाहिलं, भंगारवाल्याशी घासाघीस केली आणि रोख पैसे मोजून मला दुकानात आणलं. वाकडा पाय सरळ करून घेतला. आता नवं यंत्र माझ्या शेजारी घरघरतं, गाड्यांच्या किल्ल्या होतात आणि गिऱ्हाईक थांबतं.

परवा एक नर्स धावतपळत आली. मागच्या गल्लीतल्या घराचं कुलूप अडकतंय, आत आई झोपलीय, तिला ऐकू येत नाही आणि मला ड्यूटीला उशीर होतोय, असं एका दमात सांगून तिने किल्ल्यांचा जुडगा काकांच्या हातावर ठेवला. "तुम्हीच जाऊन बघा ना. कपाटाचीही किल्ली त्यातच आहे, ती काढत बसत नाही." काका हो म्हणाले आणि ती पळाली. मी सवयीने वाट बघत होते की आता ती मागे फिरेल, काहीतरी तारण मागेल, निदान एखादी सही घेईल. ती कोपऱ्यावरून वळूनही गेली.

बँकेला माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी कुणाचा भरवसा मोजायचा असेल तेव्हा एक दिवस इथे यावं आणि संध्याकाळपर्यंत माझ्यावर बसून राहावं. लोक येतात, घराची किल्ली ठेवतात आणि कामाला निघून जातात.