कूलरमागचा राउटर

मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणजे बिघडलेला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माणसांचा या दोन शब्दांत नेहमी गोंधळ होतो. माझा एक अँटेना जरा कलला आहे आणि पांढरा रंग पिवळट पडला आहे. पण कामाचे विचाराल, तर मित्रांनो, आजही माझ्याकडे कोणी बोट दाखवून दाखवावे!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्हा भावंडांना एका रांगेत बसवून तपासले, पास केले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत निजवले. पुष्कळ दिवस अंधारात काढल्यावर माझे खोके उघडले, तेव्हा मी नागपुरात, बेसा भागातल्या एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, होतो. घर देवराव मास्तरांचे. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहून त्यांनी ते बांधले होते. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. तार जोडायला आलेल्या माणसाने भिंतीला भोक पाडायचे यंत्र बाहेर काढले आणि मास्तर मध्ये उभे राहिले.

"भितीले हात नाही लावायचा," ते म्हणाले. "खिडकीतून घे."

मग तार हॉलच्या खिडकीतून आत आली आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. उरलेल्या तारेचे आणि माझ्या विजेच्या लांब वायरीचे एक मोठे वेटोळे करून त्या माणसाने माझ्यामागे बांधून ठेवले. त्या वेटोळ्याकडे पुढे घरात कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तुम्ही मात्र ते लक्षात ठेवा.

मी मन लावून काम केले. मास्तरांची मुलगी दीक्षा हिचे कॉलेज काही काळ घरीच भरत होते, ते माझ्याच जिवावर. कौसल्याबाई, म्हणजे दीक्षाची आई, माझ्यामुळे सांभारवडीचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचे, व्हिडिओ पाहू लागल्या आणि त्यातल्या चुका मोठ्याने काढू लागल्या. त्या रोज सकाळी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर पुसत, आणि त्याच फडक्याने मलाही पुसत. एवढा मान फ्रिजलासुद्धा नव्हता. मी मनातून फार सुखावत असे.

पण नागपूरला उन्हाळा असतो.

आमच्याकडे एप्रिल लागला की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतो. पत्र्याचा, चांगला ढोलासारखा, पोटात टाकीभर पाणी आणि तिन्ही बाजूंना वाळ्याच्या जाळ्या. बाहेरची हवा ओढायला त्याला खिडकी लागते. आमच्या हॉलला खिडकी एकच. मग लोखंडी स्टँडवर कूलर खिडकीला पाठ लावून उभा राही, आणि मी त्याच्या पाठीमागे कोंडला जाई. मित्रांनो, माझी ताकद हवेतून जाते. वीट, लाकूड मी पार करतो. पण पत्रा आणि टाकीभर पाणी मध्ये आले, की माझे बोलणे अर्ध्यात अडते. कूलरच्या पलीकडे दीक्षाची खोली होती.

हे माझ्या एकट्याचे दुखणे नव्हते. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तारा खिडकीतून, सगळ्यांचे कूलर खिडकीत. मे महिन्यात सगळ्यांचे नेट रडे, आणि सगळे जण कंपनीला शिव्या देऊन कनेक्शन बदलत. नवी कंपनी येई, तिचे नवे राउटर त्याच कट्ट्यावर बसे आणि तेही रडे. पुढे जुलैत कूलर माळ्यावर गेला की ते पळू लागे. मग लोक म्हणत, पाहा, नवी कंपनी किती चांगली! शेजारच्या मनोहररावांनी तर दर उन्हाळ्यात कंपनी बदलून या विषयात पदवीच मिळवली होती.

गेल्या हिवाळ्यात देवराव मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचा उजवा हात लुळा पडला. डाव्या हातात काठी घेऊन ते थोडे चालत, पण बोलणे फार सावकाश झाले. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येई. दीक्षाने पुण्याच्या एका कंपनीचे काम घरूनच करायला घेतले. ग्राहकांशी बोलायचे, त्यांच्या अडचणी सोडवायच्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बाबांच्या उजव्या मुठीत स्पंजचा चेंडू देई आणि म्हणे, "दाबा बाबा. अजून एकदा." चेंडू खाली पडे. ती उचलून पुन्हा देई. स्टीलचा पेलासुद्धा त्या हातात ठरत नसे. तरी ती एक दिवस चुकली नाही.

हिवाळाभर मी तिला दगा दिला नाही. मग एप्रिल आला आणि कूलर माझ्यापुढे उभा राहिला.

"काय वं, आजही तुटून राहिलं का?" कौसल्याबाई विचारत.

"हो ना आई. समोरचे म्हणते, तुमचं काहीच ऐकू येऊन नाही राहिलं."

शेवटी पुण्याच्या ऑफिसातल्या तिच्या वरिष्ठ शामला मॅडमनी बजावले. सोमवारी सकाळी त्या स्वतः दीक्षाचे ग्राहकाशी बोलणे ऐकणार. आवाज पुन्हा तुटला, तर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचे, नाहीतर काम सोडायचे. दीक्षा पुण्याला गेली तर बाबांच्या मुठीत चेंडू कोण देणार? आणि काम सोडले तर घर कसे चालणार? त्या दिवशी ती जेवली नाही.

मग माझ्या डोळ्यांदेखत नवीन कनेक्शन निवडायची सभा भरली. मनोहरराव आमरस खात सल्ला देत होते.

"अवं पोरी, काहून इतका विचार करून राहिली? हा डब्बा भंगारात दे. आमचं पाह्य ना, मागच्या मे मधी बदलवलं, तं जुलैपासून असं पळून राहिलं, का विचारू नको!"

"पण काका, आता मे आहे. आता कसं चालते तुमचं?"

"आता..." मनोहररावांनी वाटी चाटली. "आता तं सगळ्याइचंच बंद आहे. उन्हाळा आहे ना!"

दीक्षाने तरी बिचारीने विचार केला. कोणाचा वेग मोठा, कोण सिनेमे फुकट देतो, सगळे तपासले. मला हसू येत होते. हायवे कितीही रुंद असला तरी तुमच्या फाटकात म्हैस बसली असेल तर काय उपयोग? शेवटी मनोहररावांची कंपनी ठरली. तिचा माणूस बुधवारी येणार होता आणि परीक्षा होती सोमवारी. मोबाइलचे नेट आमच्या लेआउटमध्ये फक्त गच्चीवर सापडते, आणि मे महिन्यात गच्चीवर पापडच बसू शकतात.

रविवारी कौसल्याबाईंनी वाळा बदलायला कूलर रिकामा करून अंगणात नेला. त्याच वेळी दीक्षा खोलीतून मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलत होती. मी मोकळा श्वास घेतला आणि असा सुटलो, की मैत्रीण खळखळून हसलेली हॉलमध्ये ऐकू आली. कूलर परत आला, पाणी भरले, आणि हसणे तुकड्यातुकड्यांनी येऊ लागले. हे घरात एकाच माणसाच्या ध्यानात आले. दिवसभर खुर्चीत बसून मास्तर दुसरे काय करणार? ते पाहत होते.

"कू... लर," ते म्हणाले.

"गरम होऊन राहिलं का तुमाले?" कौसल्याबाईंनी लगबगीने कूलरचा वेग वाढवला.

"नाही. कू... लर..."

"आता याच्याहून फास्ट नाही होत जी तो."

मास्तरांनी डोळे मिटले. मित्रांनो, मी तेव्हा सगळे दिवे लुकलुकवले. पण दिव्यांची भाषा कोणाला येते? आपल्याला माहीत आहे आणि कोणी ऐकून घेत नाही, याचे दुःख मला ठाऊक होते. त्या दिवशी कूलरच्या दोन बाजूंना आम्ही दोघे तेच दुःख घेऊन बसलो होतो.

सोमवार उजाडला. कौसल्याबाई बाजारात गेल्या होत्या. दीक्षाने कानाला हेडफोन लावले आणि दार लोटून घेतले. थोड्याच वेळात तिचा आवाज आला, "हॅलो? मॅडम, ऐकू येते का? हॅलो?"

मास्तर उठले. काठी टेकत, भिंतीला खांदा घासत ते खिडकीपर्यंत आले. काठी सोडली तर ते पडणार, म्हणून डावा हात अडकलेला. राहिला उजवा. तो लुळा हात कूलरच्या मागे आला, माझ्यावर ठेवला गेला, आणि घसरला. पुन्हा आला. बोटे हळूहळू वळली. ज्या मुठीत चेंडू ठरत नव्हता, तिने मला उचलले. माझ्यामागचे वेटोळे सुटू लागले. इतक्या वर्षांनी ते कामी आले. एकेक पाऊल टाकत त्यांनी मला कूलरच्या अलीकडे आणले आणि दीक्षाच्या दाराच्या रोखाने धरले. तार तिथेच संपली. खुर्ची अजून दूर होती. म्हणून ते उभेच राहिले.

मी स्वतःला बजावले, आता चुकलास तर तुझी जागा खरोखर भंगारात. मी जीव तोडून काम केले. आतून दीक्षाचा आवाज येऊ लागला, आधी घाबरलेला, मग स्वच्छ, मग हसरा.

"थँक यू मॅडम. हो, इथूनच करीन. घरूनच."

दार उघडले. समोर घामाने भिजलेले बाबा उभे, आणि त्यांच्या उजव्या हातात मी. दीक्षाने आधी माझ्याकडे पाहिले नाही. तिने तो हात पाहिला. मग दोन्ही हातांनी तो धरला आणि ती रडू लागली.

"कू... लर," मास्तर म्हणाले. दीक्षा पुढचे शब्द येईपर्यंत थांबली. "कूलर... मधात... येते."

बुधवारचा माणूस आलाच नाही. दीक्षाने त्याला नको म्हणून कळवले होते. त्याऐवजी माझ्याच कंपनीचा माणूस आला. राउटर कुठे बसवू, असे त्याने विचारल्यावर मास्तरांनी काठीने हॉलच्या मधल्या भिंतीकडे खूण केली आणि स्वतःच म्हणाले, "पाड... भोक."

आज मी त्या भिंतीवर उंच बसलो आहे. मनोहरराव येऊन मला पाहून गेले, मान हलवली आणि यंदाही कंपनी बदलली. जुलैपासून ती पळेल, याची मला खात्री आहे.

मित्रांनो, नवे कनेक्शन घ्यायचे तर जरूर घ्या. पण त्याआधी तुमचा जुना राउटर कोणत्या अडगळीत बसवला आहे ते एकदा पाहा, त्याच्यापुढचे दूर करा. आणि घरात कोणी सावकाश बोलत असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याला ते पुरे करू द्या.