लांब्याची हुर्यो आणि मी

दचकलात ना, मित्रांनो? वाऱ्याने खडखडलो तो मीच. काचा बसवणाऱ्याच्या घरामागे भिंतीला टेकवून ठेवलेला मी एक जुना पत्रा आहे. अंगभर पोचे, कडांना गंज, कोपऱ्यात खिळ्यांची भोकं. पाहणारा म्हणतो, भंगार! म्हणू दे. एके काळी माझा आवाज नदीच्या पलीकडे जायचा आणि तो ऐकून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की जाता-येता माणसं माझ्यात बघून केस सारखे करत. माझी भावंडं छपरांवर गेली आणि जन्मभर पाऊस झेलत बसली. मला मात्र फुटबॉलच्या मैदानाभोवतीच्या कुंपणात ठोकलं, तेही गोलच्या बरोबर मागे. छातीइतकं उंच कुंपण, त्याच्या आत खेळणारे आणि बाहेर दाटीवाटीने उभे राहिलेले आमचे गावकरी. पहिल्याच रविवारी कुणीतरी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला, की मी कळवळलो. माझं काय चुकलं होतं? काहीच नाही. पाहुण्या संघाचा एक खेळाडू चेंडू घेऊन सुसाट निघाला होता, एवढंच. नंतर कळलं, की माझ्यावर बडवून पाहुण्यांची हुर्यो उडवायची, हीच माझी नोकरी.

आमच्या बाजूच्या मंडळींची म्होरकी होती दातांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरबाई म्हणत. आठवडाभर ही बाई हळुवार आवाजात दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगे आणि रविवारी स्वतःचं उघडी. तिच्या हातात लाकडी मुठीची छत्री असे. ऊन असो, पाऊस असो, ती छत्री कधी उघडलेली मी पाहिली नाही. तिचं काम एकच, माझ्यावर आदळणं. माझ्या अंगावरचे निम्मे पोचे तिनेच बहाल केलेले आहेत.

आधी मला वाटायचं, ज्याचा राग येतो त्याची हुर्यो होते. पुढे ध्यानात आलं, की तसं नाही. पाहुण्या संघातला एखादा अगदीच सुमार खेळाडू चेंडू घेऊन आला, तर आमची माणसं बुटांच्या नाड्या बांधत, एकमेकांच्या घरची चौकशी करत. पण ज्याच्या पायात चेंडू गेला की आता गोल होणारच असं वाटायचं, त्याचं नाव निघताच मी दणाणून उठे. आमच्याकडून खेळून मग पलीकडे गेलेला एक जण होता. त्याला तर लोक घसा बसेपर्यंत ओरडले आणि घरी जाताना हळहळले. ज्याची भीती वाटते किंवा ज्याचा लळा असतो, त्यालाच हुर्यो मिळते, मित्रांनो. बाकीच्यांना कोण विचारतो?

आणि सगळ्यांत जास्त हुर्यो कुणाला मिळाली असेल, तर ती लांब्याला.

लांब्या नदीपलीकडच्या गावाचा गोलरक्षक. ताडमाड उंच, हात गुडघ्यांना लागतील असे. आठवडाभर तो लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा आणि वर्षातून एकदा आमच्या मैदानावर यायचा. अर्धा सामना त्याला माझ्याकडे पाठ करून उभं राहावं लागे. तो जागेवर आला रे आला, की डॉक्टरबाईची छत्री पडे आणि सगळे एका सुरात ओरडत, “काच फुटली! काच फुटली!” गोल झालेला असो वा नसो. लांब्या वळूनही बघायचा नाही. फक्त त्याचे कान लाल होत आणि मग तो असे चेंडू अडवी, की आमचे लोक कपाळाला हात लावत.

एकदा मात्र एका नव्या माणसाने त्याच्या आईवरून काहीतरी घाणेरडं ओरडून टाकलं. डॉक्टरबाईने छत्री माझ्यावरून उचलली आणि त्या माणसाच्या छातीवर टेकवली.

“खेळाला बोल. घरापर्यंत जायचं नाही,” ती म्हणाली. “पुन्हा बोललास, तर दात दुखेल तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस.”

तो माणूस कायमचा शहाणा झाला. लांब्याने ते ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मागे वळून मान हलवली.

मग एक वाईट बातमी आली. माझ्यावर कोपरं टेकवून बोलायची लोकांना सवय असल्यामुळे मला सगळं कळे. काम करताना मोठी काच निसटली आणि लांब्याचा उजवा तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला. टाके पडले, बोटं आखडली. त्यांच्या संघाने दुसरा गोलरक्षक तयार ठेवला होता. लांब्याला आमच्याविरुद्ध एक सामना द्यायचा आणि नाही जमलं तर कायमची सुट्टी, असं तिकडे ठरलं होतं.

सामन्याच्या आधी आमची मंडळी कुंपणापाशी जमली. डॉक्टरबाई म्हणाली, “दुखण्यातून उठलेला माणूस आहे. यंदा हुर्यो नको. पत्र्याला कुणी हात लावायचा नाही.” सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. म्हटलं, एक वर्ष आपल्या पाठीला आराम.

मध्यंतरानंतर लांब्या माझ्यासमोरच्या गोलमध्ये आला. कान आधीच लाल झालेले, खांदे आवळलेले. तो छत्रीची वाट बघत होता. त्याऐवजी मागून टाळ्या आल्या. मऊ, नीटनेटक्या, पाहुण्यांना वाजवाव्यात तशा. लांब्याने वळून पाहिलं. त्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला, मित्रांनो. बक्षीस मिळालेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

थोड्याच वेळात एक साधा घरंगळता चेंडू त्याच्या हातांमधून निसटून आत गेला. त्यांचा एक गोल आधीच झाला होता, आता बरोबरी झाली. एरवी आमच्याकडे केवढा दंगा झाला असता! पण कुणीतरी मायेने ओरडलं, “असू दे, असू दे!” आणि पुन्हा टाळ्या.

पुढचा फटका माझ्या डोक्यावरून मागच्या गल्लीत गेला. चेंडू आणायला माणूस धावला. तेवढ्यात लांब्या कुंपणाशी आला आणि दोन्ही हात माझ्या कडेवर ठेवून उभा राहिला.

“डॉक्टरबाई, मी मेलो का?”

“काहीतरीच काय अभद्र बोलता!”

“मग टाळ्या कसल्या वाजवताय? पायमोडक्याला उचलून बाहेर नेतात तेव्हा वाजवता, तसल्या टाळ्या आहेत ह्या.” त्याने चिरलेला तळहात पुढे केला. “घरी बायको भरवायला बघते. मालक म्हणतो, तू नुसता बसून राहा. आमच्या संघाचे मास्तर येता-जाता पाठीवरून हात फिरवतात. म्हटलं, एवढा एक पत्रा तरी आहे, तो मला सोडायचा नाही. आता तुम्हीही घाबरेनाशा झालात होय?”

चेंडू परत आला, लांब्या माघारी निघाला. तो अर्ध्या वाटेत असताना डॉक्टरबाईने काखेतली छत्री काढली आणि माझ्यावर अशी हाणली, की माझ्या मधोमध सगळ्यांत खोल पोचा पडला. हा बघा, अजून आहे.

“काच फुटली!” ती किंचाळली.

लोक क्षणभर बावचळले. मग एक हात पडला, दुसरा पडला आणि सगळं कुंपण गरजू लागलं. लांब्याचे कान लाल झाले. तो ताठ झाला, चांगला वीतभर उंच झाल्यासारखा.

सामना संपता संपता पंचांनी आम्हाला पेनल्टी दिली. गोल झाला तर आमचं गाव जिंकणार आणि लांब्या घरी बसणार. आमच्या लोकांनी दयामाया बाजूला ठेवून मला बडवलं. चेंडू उजव्या कोपऱ्यात सणसणत आला आणि लांब्याने झेपावून, त्याच चिरलेल्या हाताने, तो बाहेर ढकलला.

मग तर विचारू नका! आमचे लोक चिडून, किंचाळून, नाचून हुर्यो उडवत होते. डॉक्टरबाई छत्री हाणत होती आणि डोळे पुसत होती. लांब्या मातीत पडल्या पडल्या हसत होता.

पुढे तो बरीच वर्षं येत राहिला आणि आम्ही त्याची हुर्यो उडवत राहिलो. शेवटच्या सामन्यात तो आपणहून कुंपणाशी आला आणि म्हणाला, “आज वाजवा टाळ्या.” तेव्हा आमच्या लोकांनी हात लाल होईस्तोवर वाजवल्या. त्या टाळ्या वेगळ्या होत्या, कारण त्या त्याने स्वतः मागितल्या होत्या.

मग मैदानाला सिमेंटची भिंत आली. मला उपटून भंगाराच्या ढिगावर टाकलं. तिथे मी किती दिवस पडून होतो, कोण जाणे. पावसाने गंज चढवला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. एके दिवशी लांब्या आला, हाताने चाचपत मधला खोल पोचा शोधला आणि मला आपल्या काचांच्या गाडीत घालून नदीपलीकडे घेऊन आला. ज्याला जन्मभर छळलं त्याच्याच दारी मी म्हातारपण काढतो आहे. आहे की नाही गंमत?

आता त्याचेही हात थरथरतात. काच कापणं सुटलं. घरात सगळे त्याच्याशी हळू बोलतात. सून भली आहे. मला ठोकून सरळ करून रंग द्यावा, असं तिच्या मनात होतं. लांब्या म्हणाला, “त्याला हात लावशील तर बघ.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूचे पोचे काढायची घाई करू नका, आधी ते कुणी पाडले ते विचारा. आणि थकल्या माणसाला मऊ टाळ्या वाजवून कोपऱ्यात बसवू नका. त्याच्याशी थोडं भांडा, त्याला चिडवा, तो अजून खेळात आहे हे त्याला कळू द्या. मी वर्षानुवर्षं मार खाल्ला, पण खरं दुखलं ते त्या एका दिवशी, लांब्या समोर उभा असून मला कुणी हात लावेना तेव्हा.

थांबा, काठीचा आवाज येतोय. आज रविवार ना? डॉक्टरबाई आली. पूल ओलांडून यायला तिला आता फार वेळ लागतो. छत्री कधीच मोडली, पण काठी तिच्याइतकीच खमकी आहे. ती दारातून आत जायच्या आधी वळसा घालून माझ्याकडे येते, श्वास घेते आणि ठेवून देते एक दणका.

“काच फुटली!”

आतून खाट करकरते. मग तोच आवाज येतो, थोडा चिरका, पण कान लाल झाल्याचं कळावं असा.

“अजून नाही, डॉक्टरबाई!”