उत्तरांची दोन पानं

मी वाक्यशुद्धीचा प्रश्नसंच बोलतोय. पाचशे चुकीची वाक्यं पोटात घेऊन जन्मलो, त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

छापखान्याने जागा वाचवायला एक शहाणपणा केला. शेवटच्या दोन पानांवर उत्तरांची नुसती अ, ब, क, ड ही अक्षरं छापली, प्रश्नांचे आकडे गाळले. दहा-दहा अक्षरांचे उभे रकाने, वरून खाली वाचायचे.

मला एका शिंप्याने लेकीसाठी आणलं. तिला न्यायालयात कारकून व्हायचं होतं आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची परीक्षा होती. तिने उत्तरं आधी बघू नयेत म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी ती दोन पानं कात्रीने कापली आणि मशीनच्या खणात ठेवली. "तू सोडव, मी तपासतो," म्हणाले.

पोरगी हुशार. सर्वनाम दिसलं की ते कोणासाठी आलंय हे आधी शोधायची, मगच पेन्सिल टेकवायची. पहिल्या पन्नास वाक्यांत तिचं चुकलं फक्त दोनदा. बाबांनी मात्र उत्तरं आडवी वाचली. छत्तीस चुका निघाल्या.

"बाबा, नीट बघा ना. 'प्रत्येक उमेदवाराने आपलं ओळखपत्र दाखवावं.' इथे 'त्यांचं' कसं चालेल?"

"छापलेलं चुकेल का, पोरी? शिकलेल्या माणसांनी लिहिलंय ते."

मी तिच्या मांडीवरच उघडा होतो. जीव नुसता तळमळला. तिने खोडरबर घेतलं आणि बरोबर उत्तर खोडून टाकलं.

मग चुकीच्या उत्तरांना शोभतील असे नियम ती स्वतःच रचायला लागली. 'प्रत्येक म्हणजे पुष्कळ, म्हणून त्यांचं.' असले नियम माझ्या समासात दाटीवाटीने लिहिले आणि येता-जाता घोकले. तिसऱ्यांदा सोडवताना पन्नासपैकी चव्वेचाळीस आले, तेव्हा बाबांनी तिची पाठ थोपटली. मला स्वतःची किळस आली.

ती नापास झाली. वाक्यशुद्धीनेच बुडवलं. आता ती एका कारखान्यात खोकी बांधते.

परवा एक शिक्षिका कोटाचं माप द्यायला आल्या. माप टिपायला बाबांनी खणातलं हाताला लागलं ते पान ओढलं.

"काका, हा संच आमच्या शाळेतही आहे. उत्तरं उभी वाचायची हं. मी आधी आडवीच वाचत होते, नशीब लवकर कळलं!"

बाबांची पेन्सिल थांबली. त्या गेल्यावर त्यांनी मला उघडलं, तिची खोडलेली उत्तरं उजेडात धरली आणि उत्तरांच्या पानावर बोट वरून खाली नेत पन्नास तपासली. अठ्ठेचाळीस बरोबर होती. मग मला मिटलं आणि ते पान परत खणात सारलं.

संध्याकाळी लेक आली. "बाबा, रजेचा अर्ज लिहून द्या ना. मला नाही जमायचं. मला भाषाच येत नाही."

चौथी शिकलेल्या बाबांनी अर्ज लिहिला. तिने तो जसाच्या तसा उतरवला. एका ओळीशी तिचा हात अडखळला, मान वर झाली. पण तिने ती चूकही तशीच उतरवली. बाबा तिच्याकडे बघत होते. वाटलं, आता बोलतील. त्यांनी सुई घेतली आणि दोरा ओवायला लागले.

आज मी रद्दीत आहे. कुणाच्या हाती लागलोच, तर मला तिच्यापर्यंत पोचवा आणि ती पन्नास उत्तरं दाखवा. तिला कुणीतरी सांगायला हवं. बाबा सांगणार नाहीत. या गठ्ठ्याची गाठ त्यांनीच मारली आहे.