लिहायची चौकट

ताईचा आवाज गेला, त्या महिन्यात धाकट्याने दोन रविवार खर्ची घालून तिच्यासाठी संगणकावर एक पान बनवलं. पन्नाशी उलटली तरी घरात तो धाकटाच होता. वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिण्यात उभी हयात गेलेली. तेवढं एकच काम आपल्याला धड येतं, असं तो स्वतःच म्हणे.

ताईच्या आजारात एकेक स्नायू असहकार पुकारत चालला होता. उजव्या हाताची तर्जनी तेवढी शाबूत होती. दोन कळा एकदम दाबणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून त्याने एकेका कळेचेच शॉर्टकट ठेवले. ‘प’ दाबलं की संगणक मोठ्याने म्हणे, “पाणी हवंय.” ‘क’ म्हणजे “कुशीवर वळवा.” ‘द’ म्हणजे “दुखतंय.” आणि ‘स’ दाबलं की लिहिलेलं सगळं पुसलं जाई, कारण खोडायची कळ तिच्या बोटाला लांब पडे. खाली लिहायची चौकट. चौकटीत लिहिणं चालू असताना शॉर्टकटनी गप्प बसायचं, अशी अट त्याने आठवणीने घातली होती. घाईत हो-नाही सांगायला डोळे होतेच. वर पाहिलं की हो, मिटले की नाही.

ताईने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पहिल्याच दिवशी तिने चौकटीत लिहिलं, ‘याचा आवाज थेट आपल्या आत्यासारखा आहे. बाई मेल्यावरही पाठ सोडत नाही. बदल बाबा.’

धाकटा आणि त्याची बायको पोट धरून हसले. ताई डोळ्यांनी हसली.

पण ताईला उचलता-वळवता बायकोची कंबर कामातून गेली. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी होत होती. धाकट्याने चार दिवस तोंड चुकवलं आणि शेवटी विचारलं, “ताई, जाशील का तिथे? तू नको म्हणालीस तर नाही. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.”

तिने बराच वेळ घेऊन लिहिलं, ‘घाई करू नकोस. नीट लिहून सांगते. बरंच लिहायचंय. अक्षर मोठं कर, आणि लिहू तशी वाढणारी चौकट दे.’

त्याने त्याच संध्याकाळी जुनी चौकट काढून नवी बसवली. दिसायला झकास झाली.

दुसऱ्या दिवसापासून ताईचं काहीतरी बिनसलं. तो कामावर गेला की खोलीतून आवाज सुरू व्हायचा. पाणी हवंय. कुशीवर वळवा. पाणी हवंय. दुखतंय. बायको कंबरेला हात लावून धावायची, पेला ओठाशी न्यायची, तर ताई डोळे मिटून घ्यायची. नको. ती दाराबाहेर पडते न पडते तोच पुन्हा, पाणी हवंय.

“अहो, दिवसात साठ वेळा,” बायको संध्याकाळी म्हणाली. “मागायचं आणि नको म्हणायचं. आज मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, ताई, माझा जीव घ्यायचाय का तुम्हाला? मग माझं मलाच रडू आलं.”

धाकट्याने जाऊन पाहिलं. चौकट कोरी. सगळ्या कळा त्याने एकेक करून दाबून पाहिल्या. प्रत्येक कळ जे बोलायचं तेच बोलली. चौकटीच्या आत जाऊन मात्र त्याने एकही अक्षर लिहून पाहिलं नाही. आपल्या हातचं काम चोख आहे एवढं समाधान करून घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. अशा आजारात कधी कधी मेंदूही साथ सोडतो, असं डॉक्टर म्हणाले. मग ताईच्या उत्तराची वाट पाहण्यात अर्थ राहिला नाही. कीबोर्ड कपाटात गेला आणि दहाव्या दिवशी ताई शुश्रूषागृहात.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, भर दुपारी, कचेरीतली, प्रोग्राममधल्या चुका शोधणारी मुलगी त्याच्या टेबलाशी आली. ताईच्या पानातली वाढणारी चौकट आणि शॉर्टकट त्याने कचेरीच्या कामातही जसेच्या तसे वापरले होते.

“सर, हे तुमचंच काम ना? मी शेरा लिहायला बसले की तुमचे शॉर्टकट मध्येच तोंड घालतात. अर्धं वाक्य होतं न होतं तोच सगळं गायब!”

“लिहिताना ते बंद असतात.”

“जुन्या चौकटीत असतात. तुम्ही नवी वाढणारी बसवलीत ना? ती लिहायची चौकट आहे हे तुमच्या अटीच्या गावीच नाही. चौकट बदललीत, अट तशीच.” ती हसली. “एवढे जुनेजाणते तुम्ही, आणि—”

ती थांबली. सरांनी तिच्याकडे न बघता ताईचं पान उघडलं होतं.

ताई पाणी मागतच नव्हती. ती लिहीत होती. शब्दात ‘प’ आला की यंत्र पाणी मागत होतं, ‘स’ आला की पान कोरं होत होतं. ‘स’ टाळून आपल्या भाषेत माणूस किती लिहील? तिने कितीतरी दिवस एका बोटाने पुन्हा पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं होतं, आणि घरातली माणसं पेला घेऊन धावत होती.

त्याने तिथेच बसून ताईचं पान दुरुस्त केलं. दोन ओळींचं काम होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कपाटातला कीबोर्ड आणि संगणक घेऊन तो शुश्रूषागृहात पोचला. ताई खिडकीकडे तोंड करून होती. त्याने तिची तर्जनी उचलून कळेवर ठेवली. बोट नुसतं टेकून राहिलं. कळ खाली गेली नाही.

“चूक माझी होती, ताई,” तो म्हणाला. “तू शुद्धीत होतीस. बरोबर लिहीत होतीस. मी खुळा.”

तिने वर पाहिलं. हो. एरवी यावर दोघं हसले असते.

“घरी नेऊ तुला? आत्ता नेतो. बाई ठेवू मदतीला.”

डोळे मिटले.

“हिच्यावर रागावलीस? ओरडली म्हणून?”

मिटले.

“मग इथे यायचं असंच लिहीत होतीस?”

वर.

त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. “तेवढंच? की आणखी काही होतं?”

वर. बराच वेळ वर.

“माझ्याबद्दल?”

वर.

“चांगलं होतं का?” असं ओठांवर आलं होतं, पण धीर झाला नाही. आणि हो-नाही मिळून तरी हाती काय लागलं असतं? तिला बरंच लिहायचं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं नीटनेटकी करणाऱ्या बाईने आपल्या भावासाठी स्वतःची काही वाक्यं जुळवली होती, आणि ती कुठेच उरली नव्हती.

“अक्षरं म्हणतो एकेक,” तो म्हणाला. “हवं ते आलं की वर बघ.”

तो खुर्ची पुढे ओढून बसला. अ म्हटलं, आ म्हटलं. स्वर संपले. क, ख, ग. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. ‘त’पर्यंत आला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. ते ‘नाही’ म्हणत होते की तिला झोप लागली होती, हे त्याला कळेना. थोडं थांबून, आवाज खाली आणून, त्याने पुढचं अक्षर म्हटलं.