भिंत धरून ठेवलेली वीस मिनिटं

रेचकाच्या गोळीला सहा तास लागतात, हे मामांचं पस्तिशीतलं गणित. रात्री दहाला घ्यायची, पहाटे चारला मोकळं व्हायचं, सातला क्रेनवर चढायचं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी आतडं सावकाश चालत होतं, पण गणित तेच राहिलं होतं. चार वाजले, पाच वाजले, सहाही वाजले. काहीच नाही.

“पोट आहे की गोदाम?” डबा भरताना बायको म्हणाली. “आलेला माल सोडतच नाही.”

“गोळी वाया गेली,” म्हणत मामा कामावर गेले.

साडेअकराला, जमिनीपासून साठ मीटरवरच्या केबिनमध्ये, पहिली कळ आली.

हुकाला चार टनांची काँक्रीटची तयार भिंत होती. खालची माणसं तिला तिरके टेकू लावून बोल्ट आवळेपर्यंत, वीसेक मिनिटं, ती न हलवता धरायची. मध्येच सोडून उतरता येत नाही.

मामांनी पोट आवळलं. उतरावं लागू नये म्हणून वर्षभर ते सकाळी पाणीच पीत नव्हते. त्यानंच पोट साफ होईनासं झालं होतं, हे त्यांना कळत होतं. पण पलीकडच्या क्रेनवरचे तात्या महिन्यात दोनदा मध्येच उतरले, म्हणून कंपनीनं केलेल्या वैद्यकीय तपासणीत नापास झाले आणि आता क्रेन सोडून गेटवर राखणीला खुर्ची टाकून बसतात.

दुसऱ्या कळेला लिव्हरवरची बोटं थरथरली. भिंत बोटभर सरकली.

“मामा, डुलकी लागली काय?” वॉकीटॉकीवर खालचा सिग्नलमन. “तिघं भिंतीला चिकटून उभेत इथं.”

हा चॅनेल सगळी साइट ऐकते, इंजिनिअरसुद्धा. मामांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

“डुलकी नाही. पोट बिघडलंय, हात थरथरतोय. टेकू लवकर लावा. मग मी उतरतो.”



“चार बोल्ट राहिलेत,” सिग्नलमन हळू म्हणाला. “तेवढी कळ काढा, मामा.”

मामांनी दातांवर दात दाबले आणि हुकावरची नजर ढळू दिली नाही. सदरा पाठीला चिकटला.

“हुक मोकळा,” अखेर सिग्नलमन म्हणाला.

लगेच इंजिनिअरचा आवाज आला. “मामा, खाली आलात की आधी ऑफिसात या. कधीपासून चाललंय हे?”

“ऑफिसात आधी नाही, साहेब. नंतर.”

एरवी एवढ्यावर सगळा चॅनेल खिदळला असता. आज कोणी हसलं नाही. मामांनी क्रेन बंद केली आणि ते शिडी उतरू लागले.